वाढत्या अंगाचं वाद्य

ईदचे कपडे शिवायला टाकायचे दिवस आले की आमची अम्मी टेलरला एकच सूचना द्यायची, "वाढत्या अंगाचं शिवा." त्यामुळे लहानपणीच्या ईदच्या प्रत्येक फोटोत माझ्या बाह्या दुमडलेल्या आहेत आणि धाकट्या भावाच्या बुटाच्या टोकात कापूस कोंबलेला आहे. कापूस फोटोत दिसत नाही, पण मला माहीत आहे. घरात चार मुलं आणि कमावणारा एक. कपडा दोन ईद तरी निघाला पाहिजे, हा साधा हिशोब होता आणि तो बरोबरही होता. सैल कुर्त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

हाच हिशोब दीड वर्षापूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, इंग्लंडमध्ये, एका वाद्याला लावला गेला. तिथे मात्र बिघडलं. ते आज लिहितेय, कारण ही चूक करणारं आमचं घर एकटं नसणार.

माझी भाची तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेत मुलांना आपापलं वाद्य निवडायला सांगितलं. बऱ्याच मुली व्हायोलिनकडे नाहीतर बासरीकडे गेल्या, हिने डबल बास निवडला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. व्हायोलिनसारख्याच आकाराचं, पण त्या घराण्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात खालच्या स्वराचं हे वाद्य. मोठ्या माणसांचा बास साधारण सहा फूट उंच असतो. जमिनीवर टेकवून, त्याला अंगाशी घेऊन, उभं राहून किंवा उंच स्टुलावर बसून तो वाजवतात. चार जाड तारा. त्या गजानेही वाजतात आणि बोटांनी छेडूनही. जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तळाशी जो घुमणारा, पावलं टाकत चालल्यासारखा आवाज ऐकू येतो, तो अनेकदा याचाच असतो.

शाळेत आठवड्यातून एकदा शिकवायला बाई येत. तिथे मुलांच्या मापाचा एक छोटा बास होता, पण तो शाळेतच राहायचा. घरी सरावाला काय? माझे मेहुणे कष्टाळू माणूस. त्यांनी शोधाशोध करून एक जुना बास विकत आणला. मोठ्या माणसांच्या मापाचा. मला फोनवर म्हणाले, "आपा, लहान घेतला तर दोन वर्षांत बदलावा लागणार. हा आयुष्यभर पुरेल." मीही "माशाअल्लाह, स्वस्तात मिळाला" म्हणाले. म्हणजे या चुकीत माझाही वाटा आहे.

तीन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. आधी बोटं दुखतात, मग मनगट दुखतं, मग आज नको, उद्या वाजवते. शेवटी एक दिवस रडून तिने जाहीर केलं की मला शिकायचंच नाही. त्यावर घरात तीन निकाल लागले. मेहुणे म्हणाले, "हौस होती, फिटली." बहीण म्हणाली, "आपल्यात कुणी वाजवलंय कधी? जमायचं कसं?" आणि इकडे मिरजेत अम्मी म्हणाली, "बरं झालं." तिन्ही निकाल मुलीबद्दल होते. वाद्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

मी पाहिलं तेही योगायोगाने. व्हिडिओ कॉलवर तिला म्हटलं, मोबाइल कपाटावर ठेव आणि मला एकदा वाजवून दाखव. ती पायाखाली पाट घेऊन उभी राहिली. तरी वाद्याचं डोकं तिच्या डोक्याच्या हातभर वर. डाव्या हाताने वरचे स्वर धरायला तिला खांदा कानापर्यंत उचलावा लागत होता. करंगळी पोहोचत नव्हती म्हणून ती अख्खं मनगट वाकवत होती. गज तारेवर नीट टेकवण्यासाठी कमरेतून एका बाजूला झुकत होती. आणि येणारा स्वर बेसूर होता. तिलाही ते कळत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

मी वादक नाही. पण मिरजेत वाढलेय, आणि मिरजेत वाढलेल्या माणसाने वाद्यं बनताना पाहिलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार नावाच्या कारागिराने, हत्यारांना धार लावण्याचा पिढीजात धंदा असताना, इथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. त्यांच्या पुढच्या पिढ्या सतारमेकर झाल्या. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक तंबोरा मागायला आलं की कारागीर आधी किंमत सांगत नाही. तो विचारतो, कोण गाणार? पट्टी कुठली? पुरुषाच्या खालच्या पट्टीच्या आवाजाला मोठा, लांब तारेचा तंबोरा लागतो. बाईच्या वरच्या पट्टीला लहान. त्या मापाने पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांतला भोपळा निवडला जातो. बायकांच्या तंबोऱ्याला 'अर्धा तंबोरा' असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तो पूर्ण तंबोराच आहे, तिच्या मापाचा.

हा प्रश्न आम्ही आमच्या मुलीच्या बाबतीत विचारलाच नव्हता. कोण वाजवणार?

मग मी वाचायला बसले, तिच्या शिक्षिकेशीही बोलले. त्यातून जे कळलं ते सांगते, कारण घरात कुणीच जाणकार नसेल तर हे सांगणारं कुणी भेटत नाही.

मोठ्या बासची वाजणारी तार, म्हणजे मानेच्या वरच्या टोकापासून घोडीपर्यंतची लांबी, साधारण १०५ सेंटीमीटर असते. तार जितकी लांब, तितके दोन स्वर एकमेकांपासून दूर. अगदी वरच्या टोकाला तर्जनी आणि करंगळीमध्ये एका पूर्ण स्वराचं, म्हणजे सा ते रे एवढं अंतर धरायचं असतं. मोठ्या बासवर ते जवळजवळ ११ सेंटीमीटर भरतं. व्हायोलिनवर तेच साडेतीनच्या आत. तुमच्या घरात आठ वर्षांचं मूल असेल तर त्याचा हात फुटपट्टीवर ठेवून बघा. तर्जनी आणि करंगळी ११ सेंटीमीटर फाकवून, वर जाड तारा दाबून, रोज पंधरा मिनिटं काढायला सांगा. मग त्याची हौस किती दिवस टिकते ते पाहू.

दुसरी गोष्ट. सतारीला पडदे असतात, बासला नसतात. सतारीवर बोट थोडं अलीकडे पडलं तरी पडदा स्वर सांभाळून घेतो. बासवर बोट पडेल तिथलाच स्वर येतो. हात पुरत नसेल तर स्वर उतरणारच. आणि मग ऐकणारे म्हणतात, पोरीला कान नाही. कान चांगला असतो, हात पुरत नसतो. त्यातून कान चांगला असलेल्या मुलाला जास्त त्रास होतो, कारण आपलं चुकतंय हे त्याला दर वेळी ऐकू येतं.

बासची मापं अपूर्णांकांत सांगतात: १/१०, १/८, १/४, १/२, ३/४ आणि ४/४. या आकड्यांनीच लोक फसतात. आमचे मेहुणेही फसले. त्यांना वाटलं, ३/४ म्हणजे पाऊण, म्हणजे मुलांसाठीच असणार. प्रत्यक्षात ३/४ हेच मोठ्या माणसांचं नेहमीचं माप आहे. सिंफनी ऑर्केस्ट्रातले बहुतेक वादकसुद्धा ३/४ च वाजवतात. ४/४ क्वचित दिसतो. म्हणजे जगातले बहुतेक डबल बासवाले कागदोपत्री 'पाऊण' वाद्य वाजवतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

शिवाय हे अपूर्णांक गणितातले नाहीत. १/२ म्हणजे निम्म्या लांबीचा नाही. त्याची तार साधारण ९७ सेंटीमीटर असते. १/४ ची ९०च्या आसपास, १/८ ची ८०, आणि १/१० ची ७०. बनवणाऱ्यागणिक यात चार-पाच सेंटीमीटर इकडेतिकडे होतात. एकाचा १/४ दुसऱ्याच्या १/८ च्या जवळ जाऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवरचा आकडा बघून घेऊ नये, टेप घेऊन तार मोजावी. ७० सेंटीमीटरच्या तारेवर तेच बोटांचं अंतर सव्वासात सेंटीमीटरवर येतं. ११ आणि सव्वासात, एवढ्या फरकात एक मूल शिकतं किंवा सोडतं.

वय बघून माप ठरवणारे तक्ते मिळतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला १/१० किंवा १/८, आठ ते दहाला १/८ किंवा १/४, पुढे १/२, आणि तेरा-चौदाच्या पुढे ३/४, असं साधारण धरतात. पण तक्ता हा अंदाज आहे. खरं माप मुलाला वाद्यापाशी उभं करूनच कळतं. खालची दांडी कमीजास्त करून वाद्य नीट उभं केल्यावर मानेचं वरचं टोक, जिथून तार वाजायला सुरुवात होते, ते मुलाच्या कपाळाच्या किंवा भुवईच्या आसपास यावं. उजवा हात सरळ खाली सोडला की तो घोडीच्या जवळपास पोहोचावा आणि गज टेकवायला कमरेतून वाकावं लागू नये. डावा हात वर असताना खांदा खालीच राहावा. तर्जनी आणि करंगळी आपापल्या जागी ठेवताना मनगट मोडू नये. ही चार लक्षणं संगीत न कळणाऱ्या आईबापालाही दिसतात.

अजून दोन गोष्टी. एक, माप बरोबर असूनही तारा मानेपासून फार उंच असतील तर त्या दाबताना तितकाच त्रास होतो. घोडी थोडी तासून तारा खाली घेता येतात, पण ते काम कारागिराकडूनच करून घ्यावं. दोन, छोट्या बासला त्याच्याच मापाच्या तारा आणि छोटा गज लागतो. दोन मापांच्या मधोमध मूल असेल तर लहान माप घ्यावं. लहान माप काही महिने थोडं आखूड वाटेल. मोठं माप रोज दुखेल.

छोटे बास फार जुने नाहीत. ब्रिटनमध्ये रॉडनी स्लॅटफोर्ड या बासवादकाने १९८० च्या दशकात लहान मुलांसाठी छोट्या बासचा प्रकल्प हाती घेतला आणि सहा-सात वर्षांची मुलं बासवर सुरुवात करू लागली. त्याआधी मूल पुरेसं उंच होईपर्यंत थांबायचं अशीच रीत होती. मग वर्गातला उंच, थोराड मुलगा बघून त्याच्या हाती बास दिला जायचा. लहान चणीच्या मुलांचा, आणि बहुतेक मुलींचा, विचारच होत नसे. 'हे मुलींचं वाद्य नाही' हे वाक्य कितीदा केवळ मापाच्या अडचणीतून आलं असेल, याचा मी विचार करते.

आता माझ्या मुद्द्यावर येते. ज्या घरात आधी कुणीतरी वाजवलेलं असतं, तिथे मूल अडलं की मोठी माणसं आधी वाद्य तपासतात. तार उंच आहे का, माप बरोबर आहे का. आमच्यासारख्या घरात, जिथे हे वाद्य पहिल्यांदाच उंबरा ओलांडतं, तिथे मूल अडलं की मुलालाच तपासलं जातं. गोडी नाही, चिकाटी नाही, आपल्यात नाही. पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्याचं हे दुखणं आपल्याला शाळा-कॉलेजातून चांगलं ओळखीचं आहे. पुस्तक न समजलेल्या पोराला ढ ठरवलं जातं. ते पुस्तक कुणाच्या घरची भाषा धरून लिहिलंय, हे कुणी विचारत नाही. एका मुलीने सोडलं की तेवढ्यावर थांबतही नाही. पुढच्या मुलीला सांगायला घरात एक दाखला तयार होतो: बघ, त्या अमुकनेही घेतलं होतं, जमलं नाही.

"आपल्यात कुणी वाजवलंय" या बहिणीच्या प्रश्नाला मी नंतर उत्तर दिलं. सतार-तंबोरे बनवणारे हात तर आपल्याच गावातले. पण खुद्द डबल बास? अमेरिकेत अहमद अब्दुल-मलिक नावाचे मुस्लिम बासवादक होऊन गेले. जन्म १९२७, ब्रुकलिनचा. थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन या जॅझमधल्या दिग्गजांसोबत १९५७ साली कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या मैफलीत बास त्यांचाच होता. ते ऊदही वाजवत. बहिणीने हे नाव ऐकलेलं नव्हतं. मीही तोवर ऐकलेलं नव्हतं.

अम्मीच्या "बरं झालं"बद्दलही बोललं पाहिजे. संगीताबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि मी काही आलिमा नाही. ज्यांचं मत मनापासून विरोधातलं आहे त्यांच्याशी मी इथे वाद घालणार नाही. एवढंच म्हणेन की मी ज्या गावात वाढले तिथे ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ विसावले आहेत आणि उरुसाला तिथे गवई येऊन हजेरी लावतात. अम्मी स्वतः लहानपणी मला तिथे घेऊन गेली आहे. मुलीला वाजवू द्यायचं नसेल तर घरच्यांनी तसं तोंडाने सांगावं, त्यावर बोलता येतं. पण तो निर्णय चुकीच्या मापाच्या वाद्याकडून करवून घेऊ नये. त्यात मुलीला वाटतं की आपणच हरलो.

दुसरा आक्षेप मेहुण्यांचा होता. "छोटा बास म्हणजे खेळणंच ना आपा? खरं शिकायचं तर खऱ्यावर शिकावं." मी त्यांना विचारलं, तुम्ही मदरशात पहिल्या दिवशी काय वाचलंत? कायदा. अलिफ, बे, ते. मग जोडाक्षरं, मग अम्मापारा, छोट्या छोट्या सुरा, आणि मग कुठे पूर्ण कुरआन हातात. कायद्याला खोटा कुरआन कुणी म्हणतं का? उलट कायदा पक्का नसताना पुढे ढकललेल्या मुलाचं वाचन आयुष्यभर अडखळतं. मुलाच्या हाताला झेपेल तेवढंच पुढे ठेवायचं, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती वाद्याला लावायची तेवढी आपण विसरलो. मेहुणे हसले. मला वाटतं, पटलं.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. मूल वाढत जाणार, तर तीन-चार मापं लागणार. प्रत्येक वेळी विकत घेणं आमच्यासारख्यांना परवडणारं नाही. पण त्याचं उत्तर मोठं घेऊन ठेवणं हे नाही, भाड्याने घेणं हे आहे. ब्रिटनमध्ये स्थानिक संगीत सेवा शाळेतल्या मुलांना माफक भाड्याने वाद्यं देतात आणि मूल वाढलं की बदलून देतात. बहिणीला हे माहीतच नव्हतं. तिने विचारलं नाही, आणि शिक्षिकेने गृहीत धरलं की घरचा बासही छोटाच असेल. जिथे अशी सोय नाही, तिथे एका मुलाने सोडलेलं माप दुसऱ्याकडे जाऊ शकतं. कपड्यांच्या बाबतीत आपण हे करतोच की. मोठ्या भावाचा कुर्ता धाकट्याला.

आणि योग्य माप देऊनही मूल सोडू शकतं. अनेक सोडतात. त्याला माझी हरकत नाही. मग तो त्याचा निर्णय असतो, आणि दुखऱ्या मनगटाशिवाय घेतलेला असतो.

भाचीला १/८ मापाचा बास मिळाला. चमत्कार झाला नाही. पहिले दोन आठवडे तिने त्याला हातही लावला नाही, तिचं मन उडालं होतं. मग शाळेतल्या कार्यक्रमासाठी चार स्वरांचा एक तुकडा तिच्या वाट्याला आला आणि तो तिला सुरात लागला. यंदा तिला १/४ मिळाला आहे. मोठा बास मेहुण्यांनी थोडा तोटा सोसून विकला.

या ईदला अम्मीने मिरजेहून तिच्यासाठी कुर्ता शिवून पाठवला. अर्थातच वाढत्या अंगाचा. ती तोच घालून व्हिडिओ कॉलवर आम्हाला वाजवून दाखवत होती. अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या हातातला मोबाइल घेऊन म्हणाली, "तिला म्हणावं, बाह्या दुमडून घे. तारेत अडकतील."